बारा व्होल्ट कुठे गळतात?

[दृश्य: तिन्हीसांज. देवस्थानाच्या आवारातली बाग. पायवाटेच्या कडेला दिव्यांची रांग.]

पहिले दोन-तीन दिवे ठीक आहेत. पुढे उजेड उतरत जातो आणि टोकाच्या दिव्यात नुसती तार तांबूस दिसते. वर्धा-यवतमाळकडच्या काळ्या मातीत जुन्या १२ व्होल्टच्या बागदिव्यांचं हे नेहमीचं दुखणं. लोक आधी दिवा बदलतात. नवा हॅलोजनही तसाच मिणमिणतो, कारण खोट दिव्यात नसून वाटेत असते. व्होल्टेज १० टक्क्यांनी घटलं तरी हॅलोजनचा उजेड सुमारे ३० टक्क्यांनी उतरतो.

शोधायला मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजणारा मीटर हवा. स्क्रूड्रायव्हरसारखा टेस्टर इथे कामाचा नाही, १२ व्होल्टवर त्यातला छोटा निऑन दिवा पेटतच नाही.

[दृश्य: भिंतीवरची पेटी. आत २३० व्होल्टचे १२ करणारा, लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर.]

सुरुवात पेटीपासून. इथे २३० व्होल्ट आहेत, त्यामुळे वायरला हात घालायच्या आधी एमसीबी, म्हणजे सप्लाय तोडणारा स्विच, पाडायचा. मोजताना मात्र सप्लाय आणि सगळे दिवे चालूच हवेत, म्हणून मीटरच्या टोकांशिवाय कशालाही स्पर्श नको. आधी येणारा सप्लाय मोजा. रात्री शेतीपंप सुरू असले की गावात १८० व्होल्टही मिळतात, आणि मग हाच ट्रान्सफॉर्मर १२ ऐवजी साडेनऊच्या आत देतो. अशा वेळी बाग खोदून काही हाती लागत नाही. इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर असेल तर साध्या मीटरच्या आकड्यावर विसंबू नका. त्याच्या आउटपुटची फ्रिक्वेन्सी इतकी जास्त असते की मीटर चुकतो.

पेटीत १२ नीट मिळाले तर दिव्यांच्या ओळीने चला. इथे एक गोष्ट हमखास फसवते. दिवा काढून रिकाम्या होल्डरवर मीटर लावला तर केबलच्या सडलेल्या जोडापलीकडेही पूर्ण १२ दिसतात, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. दिवा लावला की तेच चारवर येतात. म्हणून मोजायचं ते दिवा पेटता ठेवून. आधी ओळीतल्या मधल्या दिव्यावर मोजा. तिथे ठीक असेल तर बिघाड पुढे, नसेल तर मागे. उरलेल्या भागाचा पुन्हा मध्य धरा. दोन शेजारच्या दिव्यांत एकदम दीड-दोन व्होल्टचा फरक दिसला, की त्यांच्या मधेच खोदायचं.

जोड कुठेच खराब नसेल तर केबलचा हिशेब करा. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलला ३० मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन ६० मीटर तार लागते, तिचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, सुमारे ०.४५ ओहम. टोकाला २० वॉटचे चार हॅलोजन म्हणजे ६.७ अँपिअर, वाटेतच जवळपास तीन व्होल्ट गेले. त्याच जागी ५ वॉटचे एलईडी लावले तर एक व्होल्टही जात नाही.

[दृश्य: भेगाळलेली जमीन. खुरप्याने उकरलेला जोड, काळपट टेप, आत हिरवं तांबं.]

उन्हाळ्यात काळी माती आकसते, भेगा पडतात, आणि केबल ताणली जाऊन नुसत्या पिळाचा, टेप गुंडाळलेला जोड सैल होतो. मृगाचं पाणी त्याच भेगेतून आत शिरतं. जोडाचा रोध ०.३ ओहम झाला तर ६ अँपिअरला तिथे जवळपास ११ वॉट उष्णता तयार होते. टेप वितळायला तेवढी पुरते. उंदीर-घुशींनी कुरतडलेली केबलही याच काळात सापडते.

दुरुस्तीसाठी सप्लाय बंद. पाणी इन्सुलेशनच्या आतून तारांमधून लांबवर चढलेलं असतं, त्यामुळे चकचकीत तांबं दिसेपर्यंत केबल पाच-पाच सेंटिमीटर कापत जा. काळ्या तारेवर सोल्डर धरत नाही. कमी पडणाऱ्या लांबीला नवा तुकडा घाला. दोन्ही तारांचे जोड समोरासमोर नकोत, चार-पाच सेंटिमीटर पुढे-मागे ठेवा. फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, घालून क्रिम्प करा, म्हणजे पकडीने घट्ट दाबा, प्रत्येकावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसणारी नळी) आणि सगळ्यावर एक मोठी. गरम करताना दोन्ही टोकांतून गोंद बाहेर आला पाहिजे. जोडाजवळ हातभर केबल सैल सोडा, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात माती ओढेल तेव्हा ताण जोडावर येणार नाही.

दिव्याचा होल्डर काळा पडला असेल तर नुसती पिन घासून भागत नाही. वायरसकट सिरॅमिक होल्डर बदला. काचेखालचा रबर कडक झाला असेल तर तोही.

एलईडी लावल्यावर दिवे फडफडले तर इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला किमान लोड मिळत नाही असं समजा. त्यावर किमान वॉट छापलेले असतात. लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरला ही अट नाही. पण लोड एकदम घटला की तो १२ च्या वर जातो. एलईडीला तेवढं चालतं का, ते त्यावरच्या छापील मर्यादेत पाहा.

[दृश्य: जळते दिवे, उघडाच चर.]

दिवे मध्यरात्री लागतात, अशीही तक्रार येते. टायमर बॅटरीशिवायचा असेल तर जितका वेळ लाइट गेली, तितकाच तो मागे पडतो. बॅटरीवाला बसवा.

चर लगेच बुजवू नका. तासभर दिवे चालवा, सप्लाय बंद करून प्रत्येक जोडाला हात लावा. कोमट लागला तर पुन्हा कापा. गार असेल तर भोवती रेती घाला, वर माती.