कटिंग मिळतं, पण समोर कोण उभं असतं?

(इंटर्न्ससमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नीट-पीजीचा (एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा) रँक लागला की सर्जरी घेणाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "सर, पसंतीयादीत सायन वर घालू की ससून?" आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, "कटिंग कुठे चांगलं आहे?" म्हणजे शिकताना स्वतःच्या हाताने ऑपरेशनं कुठे जास्त करायला मिळतात.

पहिल्यावर मी फार वेळ घालवत नाही. जे.जे.चं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५चं, केईएम १९२६चं. ही नावं मोठी आहेत आणि ती उगाच मोठी झालेली नाहीत. पण एम.एस. (सर्जरीची पदव्युत्तर पदवी) तुम्ही कॉलेजात करत नाही, युनिटमध्ये, म्हणजे एका प्रमुखाच्या हाताखालच्या गटात, करता. एकाच विभागात दोन युनिटांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. एका युनिटचे प्रमुख सकाळी आठला राउंडला हजर, तर दुसऱ्याचे प्रमुख ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) फक्त खासगी ओळखीचा पेशंट असला तरच दिसतात. म्हणून जॉइन झाल्यावर युनिट कसं मिळतं, मेरिटने की चिठ्ठी टाकून, आणि ते मधे बदलतं का, हे कॉलेजच्या नावाआधी विचारा.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला बरंच बोलायचंय.

आकडा महत्त्वाचा आहे, हे आधीच मान्य करतो. अमेरिकेत जनरल सर्जरीची रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं प्रशिक्षण, पाच वर्षांची. तिथे बोर्डाच्या परीक्षेला बसायला किमान ८५० मोठ्या शस्त्रक्रिया लागतात, त्यातल्या २०० शेवटच्या वर्षात. आपल्याकडे वर्षं तीनच. त्यातलं पहिलं कसं जातं ते तुम्ही इंटर्नशिपमध्ये बघितलंयच. पहाटे ब्लड काढा, डायबेटिक फूटची ड्रेसिंग्ज करा, भूलतज्ज्ञांकडून फिटनेस आणा, जन आरोग्य योजनेच्या प्रीऑथसाठी (आधी घ्यायच्या मंजुरीसाठी) पेशंटचा बेडवरचा फोटो काढा, वॉर्डबॉय मामा जागेवर नसतील तर ट्रॉलीही तुम्हीच ढकला. म्हणजे हातात सुरी येण्याचा काळ दोन वर्षांचाच. त्यात तुम्ही केसेस मोजणार, हे साहजिक आहे.

पण ज्या जागेबद्दल "कटिंग एकदम भारी" असं ऐकता, तिथे रात्री दोन वाजता काय होतं ते विचारून बघा. पर्फोरेशनचा (जठराला किंवा आतड्याला भोक पडलेला) पेशंट टेबलावर आहे. पोट जेआर-टू (दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट) उघडतोय, समोर रिट्रॅक्टर धरून जेआर-वन झोपेशी झुंजतोय आणि लेक्चरर घरून फोनवर सांगतोय, "वॉश दे, ओमेंटल पॅच मार, बाहेर ये." म्हणजे पोट धू, भोकावर पोटातल्या चरबीच्या पडद्याचं ठिगळ लाव आणि पोट बंद कर. लॉगबुकात ही केस "स्वतंत्रपणे केली" म्हणून जाते. माझ्या मते अशी सीट धोक्याची आहे, पेशंटला तर आहेच, पण तुम्हालाही. चुकीची गाठ शंभरदा मारली की ती हाताला बसते, आणि मग ती सोडवायला कोणी येत नाही.

लॅप कोलचं, म्हणजे दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं, उदाहरण घ्या. पित्ताशय वर खेचलंय, कॅलोज ट्रँगलमधली (पित्ताशयाच्या मुळाशी असलेल्या त्रिकोणातली) चरबी तुम्ही हुकने सोलताय. एक नळी दिसली, मन म्हणतं हीच सिस्टिक डक्ट (पित्ताशयाची नळी), क्लिप लावू. सर्जन स्ट्रासबर्गने १९९५ साली "क्रिटिकल व्ह्यू"ची कल्पना मांडली ती याच क्षणासाठी. ट्रँगल पूर्ण साफ हवा, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सुटलेला हवा आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी दिसायला हव्यात. या तीन अटी पाठ करून कोणीही व्हायवा काढतो. पण टेबलावर, सूज असलेल्या पित्ताशयात, चांगला शिक्षक म्हणतो, "थांब. क्लिप खाली ठेव. मागची बाजू दाखव." मग तो तुमच्याकडून पित्ताशय डावीकडे-उजवीकडे फिरवून घेतो, पाच मिनिटं जास्त घालवतो, आणि तरीही इन्स्ट्रुमेंट तुमच्या हातातून काढून घेत नाही. गरज पडली तर "आज सबटोटल करून बाहेर पडू" (पित्ताशयाचा काही भाग तसाच ठेवून) हेही तोच ठरवतो. कॉमन बाइल डक्ट (मुख्य पित्तनळी) कापली गेली तर पुढे त्या पेशंटच्या वाट्याला काय येतं हे त्याने पाहिलेलं असतं, म्हणून तो थांबवतो. असा माणूस समोर उभा राहून तुम्हाला पन्नास केसेस करू देत असेल, तर त्या पन्नास मला एकट्याने केलेल्या दीडशेपेक्षा जास्त वाटतात.

याच कारणासाठी डीएनबीला (राष्ट्रीय बोर्डाच्या, एम.एस.च्या बरोबरीच्या पदवीला) सरसकट नाक मुरडू नका. ट्रस्टच्या हॉस्पिटलात पेशंट कन्सल्टंटचा असतो, त्यामुळे सुरी उशिरा हातात येते, ही तक्रार खरी आहे. पण समोर कन्सल्टंट असतो. ज्या सरकारी विभागात निम्म्या जागा रिकाम्या आहेत आणि इन्स्पेक्शनपुरती माणसं बदलून येतात, त्यापेक्षा मी तिथे जाईन.

आता विचारपूस कोणाकडे करायची? विभागप्रमुखांकडे नको, जेआर-थ्रीकडेही एकट्याकडे नको. त्याचे वाईट दिवस संपलेत, त्याला सगळं गोड दिसतं. जेआर-टूला गाठा. युनिटला आठवड्यात ओटीचे दिवस किती? रात्री इमर्जन्सीची टेबलं किती चालतात? एकच टेबल असेल आणि गायनॅकचं सिझेरियन लागलं की तुमची लॅप्रोटॉमी (पोट उघडायचं ऑपरेशन) पहाटेपर्यंत थांबते, मग केसेस कितीही असोत. रात्री सीटी होतो का? युरॉलॉजी, प्लास्टिक, जीआय सर्जरी यांचे एम.सीएच.चे (एम.एस.नंतरच्या सुपरस्पेशालिटीचे) विद्यार्थी असतील तर तुमची पोस्टिंग तिथे खरी असते की नुसती कागदावर?

ड्युटीच्या तासांबद्दल नियम आहेत. केंद्राच्या १९९२च्या निर्देशांत आठवड्याला ४८ तास आहेत. २०२३च्या पीजी नियमांत साप्ताहिक सुट्टी आणि वर्षाला २० रजा आहेत. प्रत्यक्षात काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. फक्त "शेवटची साप्ताहिक सुट्टी कधी घेतली?" एवढं विचारा. समोरचा हसला तर समजून जा. त्याच नियमांत जिल्हा रुग्णालयातले तीन महिने आहेत. ते टाळण्याची खटपट करू नका. हर्निया, हायड्रोसील, अपेंडिक्स निवांत करायला ती जागा उत्तम आहे.

मुलींना एक वेगळं सांगतो. युनिटमध्ये आधी मुली होत्या का, त्यातल्या किती सीट सोडून गेल्या, ड्युटी रूम कुठे आहे आणि आतून कडी लागते का, हे स्पष्ट विचारा. ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्यात ड्युटीवरच्या महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर हा प्रश्न विचारायला कोणाला संकोच वाटू नये, आणि ज्याला ऐकून राग येतो त्याचं युनिट यादीत खाली टाका.

शेवटी पसंतीयादीचं. राज्याच्या सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा ऑल इंडिया कोट्यातून जातात, उरलेल्या राज्याच्या फेऱ्यांतून. दोन्ही याद्या वेगवेगळ्या बसून भरा, एकीची दुसरीत नक्कल करू नका. आणि याद्या लॉक होण्याआधी वरच्या दोन-तीन ठिकाणी जाऊन या. युनिटचा इमर्जन्सीचा वार कोणता ते फोनवर विचारून त्या रात्री जा. ओपीडीच्या दिवशी गेलात तर नुसती केसपेपरची रांग बघून परत याल.