साईटवरून शाळेत

[दृश्य: सकाळ. टॉवर क्रेन, खाली पत्र्याच्या खोल्यांची रांग, टाकीपाशी आंघोळी, चुलींचा धूर.]

पुण्याच्या पूर्वेला वाघोली, दक्षिणेला उंड्री, पश्चिमेला बावधन. पिंपरी-चिंचवडकडे पुनावळे, मोशी. शहर ज्या ज्या बाजूला वाढलं, त्या प्रत्येक बाजूला आधी ही पत्र्याच्या खोल्यांची रांग लागली. इमारत उभी राहिली की रांग उठते आणि पुढच्या नव्या खड्ड्याशेजारी लागते.

इथे कुणी नांदेड-लातूरकडचं, कुणी कलबुर्गी-यादगीरचं, कुणी छत्तीसगड-बिहारहून आलेलं. बाप सेंट्रिंगवर नाहीतर सळईकामावर, आई बिगारी. मुकादम एकेकाचं नाव पुकारतो आणि माणसं वर चढतात. मुलं खाली राहतात.

[दृश्य: वही घेऊन खोल्यांमधून फिरणारी ताई. मूळ आवाज ठेवावा.]

ही ताई संस्थेची. खोलीगणिक तिचे तेच प्रश्न. मुलं किती, वयं काय, गावाकडे कितवीत होती, घरात भाषा कोणती? धाकट्याला कोण सांभाळतं, हे ती सहज विचारल्यासारखं विचारते. उत्तर बहुधा समोरच उभं असतं, भावाला कडेवर घेऊन.

संस्थेचं नाव डोअर स्टेप स्कूल. निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयात शिकवणाऱ्या रजनी परांजपे आणि त्यांची विद्यार्थिनी बीना लष्करी यांनी 1988 साली मुंबईत ती सुरू केली. महापालिकेच्या शाळेत नाव असूनही मुलं गळतात, हे दोघींनी पाहिलं होतं. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेनं त्याच्या दारात जावं, इतका साधा विचार. त्यातूनच पुढे चाकांवरची शाळा आली. बसमध्येच फळा, बसमध्येच वर्ग. पुण्यात आल्यावर संस्थेला हे दार सापडलं ते बांधकामाच्या साईटवर.

[दृश्य: साईटवरचा वर्ग. पत्र्याची खोली, भिंतीवर अक्षरांचे तक्ते, दाराबाहेर चपलांचा ढीग.]

ही खोली मिळवणं हेच मोठं काम. बिल्डरच्या ऑफिसात खेटे घालायचे. जागा द्या, वीज द्या, पाणी द्या. मुलं साईटवर मोकाट फिरण्यापेक्षा एका खोलीत बसलेली तुमच्याही सोयीची, हे पटवायचं. समोरच्याला अपघाताची धास्ती असते आणि ती खोटी नाही. उघडी डक्ट, लिफ्टचा खड्डा, वरून पडणारी फळी, सगळं या वर्गापासून हाकेच्या अंतरावर आहे.

बांधकाम कामगारांसाठी 1996 चा कायदा होता. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहितांनी त्याची जागा घेतली. पन्नासहून जास्त स्त्रिया कामावर असतील तर मालकानं पाळणाघर चालवायचं, असं तो 1996 चा कायदा सांगायचा. शाळेबद्दल त्यात काही नव्हतं. पण धाकट्याची सोय झाली की थोरली बहीण मोकळी होते. म्हणून साईटवरच्या वर्गाला पाळणाघराची जोड लागतेच.

[दृश्य: बस. चढणारी मुलं, दारात उभी ताई, खिडकीतून दिसणारा हायवे.]

आता ही बस पाहा.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, अंमल 1 एप्रिल 2010 पासून. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण. प्राथमिक शाळा घरापासून एका किलोमीटरच्या आत असावी, असं महाराष्ट्राचे नियम म्हणतात. पण साईट जिथे उभी राहते तिथे काल-परवापर्यंत शेत होतं. जवळची शाळा गावठाणात, मधे डंपरचा रस्ता, फुटपाथ नाही. सहा वर्षांच्या मुलानं तो ओलांडायचा कसा आणि सोडायला येणाऱ्या आईनं रोजंदारी बुडवायची किती दिवस?

ते अंतर ही बस कापते. गाडी संस्थेची, सोबतीला ताई. साईटवर मुलं मोजून घ्यायची, शाळेच्या दारात मोजून उतरवायची, परत येताना पुन्हा मोजायची. खरं तर नेण्या-आणण्याची ही सोय पालिकेनं करायला हवी. आज ती देणग्यांवर चालते, आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही याचं नवल वाटतं.

[दृश्य: महापालिकेची शाळा. प्रार्थना, मग कचेरीतलं जनरल रजिस्टर, क्लोज-अप.]

इथून पुढे हद्द पालिकेची. 2017 पर्यंत पुणे महापालिकेचं वेगळं शिक्षण मंडळ होतं. आता शाळा शिक्षण विभागाच्या ताब्यात आहेत. त्याच वर्षी 11 आणि 2021 मध्ये आणखी 23 गावं पालिकेत आली. वाघोली त्यातलंच. म्हणजे ज्या पट्ट्यात साईट सर्वात जास्त, तिथल्या शाळांचा मालक मधेच बदलला, जिल्हा परिषदेकडून पालिकेकडे. संस्थेला अर्ज घेऊन दोन्हीकडे जावं लागलं.

वाटणी सरळ आहे. इमारत, शिक्षक, पुस्तकं, गणवेश आणि दुपारचा पोषण आहार सरकारचा नाहीतर पालिकेचा. मुलं शोधणं, आणणं, टिकवणं संस्थेचं. कागद मात्र दोघांच्या मधे लटकतात.

रजिस्टरमधली ही नोंद बघा. जन्मतारखेचा पुरावा नाही. मूल कुठल्याशा साईटवर जन्मलेलं. आधीच्या शाळेचा दाखला गावात राहिलेला. आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, दाखल्याला उशीर झाला म्हणून अडवता येत नाही, आणि वर्षाच्या मधेही मूल घ्यावंच लागतं. कायद्यात हे स्वच्छ लिहिलंय. पण मुख्याध्यापकांना ऑनलाइन माहिती भरायची असते आणि तिथला रकाना रिकामा राहिला की गाडी अडते. मग ताई गावच्या शाळेत फोन लावते, आधारच्या रांगेत आईच्या जागी उभी राहते. आई कामावर असते. असं एकेक नाव चढतं.

[दृश्य: चौथीचा वर्ग. मागच्या बाकावरचा मुलगा, पुस्तकावर बोट.]

कायद्याप्रमाणे वयानुरूप वर्ग. नऊ-दहा वर्षांचं मूल थेट चौथीत. त्यानं मराठी कधी वाचलेली नसते, घरात कन्नड किंवा बंजाऱ्यांची गोरमाटी. बाई पुढचा धडा घेत असतात आणि याला अजून काना-मात्रा जुळत नाहीत. बाई चुकतात असं नाही. समोर भरलेला वर्ग आहे.

[दृश्य: वाचनाचा तास. सतरंजीवर पसरलेली गोष्टीची पुस्तकं. संगीत नको.]

म्हणून संस्थेची माणसं शाळेच्या आतही आली. हा वाचनाचा तास वेळापत्रकातच बसवलेला आहे. परीक्षा नाही, गृहपाठ नाही. पुस्तक निवडायचं, उघडायचं, चित्रावरून सुरू करायचं. मुलं भांडतात ती फक्त जाड पुस्तकांवरून, कारण त्यांत वाघ जास्त असतात.

[दृश्य: साईट, सुट्टीचा दिवस. ट्रकमध्ये चढवलेली भांडी, गाद्या.]

स्लॅब संपला की कुटुंब हलतं. पुण्यातच दुसऱ्या साईटवर गेलं तर एक ताई दुसरीला निरोप देते आणि नवी बस ठरते. हैदराबादला किंवा गावाला गेलं तर हातात दाखला आणि एक फोन नंबर. त्यातली काही मुलं पुन्हा कुठल्याच पटावर दिसत नाहीत.

[दृश्य: कामगार नोंदणीचा अर्ज भरताना एक आई, अंगठा.]

बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर गोळा होतो, तो याच कामगारांच्या कल्याणासाठी. नोंदणी असलेल्या कामगाराच्या पहिली ते सातवीतल्या मुलाला त्यातून वर्षाला 2,500 रुपये शैक्षणिक मदत मिळते. अट 75 टक्के हजेरीची, आणि नोंदणीसाठी 90 दिवस काम केल्याचा दाखला हवा. तो द्यायचा ठेकेदारानं किंवा ग्रामसेवकानं. बसचा खर्च या पैशातून व्हायला काय हरकत आहे, हा प्रश्न आम्ही विचारत आलो आहोत. तोवर पुढच्या जूनसाठीची पाहणी उन्हाळ्यातच सुरू होते. संस्थेला स्वयंसेवक हवे असतात. कानडी किंवा हिंदी बोलणारे असतील तर आधी.

[श्रेयनामावली. बसचा मूळ आवाज.]