वजा सतरा वर्षं

[पहाट. लोखंडी कॉट. कॉटला टेकवून ठेवलेला कृत्रिम पाय. त्यात बूट.]

आधी मोजा. जाडसर, लोकरीचा. सकाळी एक पुरतो. दुपारनंतर उरलेला पाय थोडा आक्रसतो, सॉकेट, म्हणजे तो ज्यात बसतो ती खोबण, सैल पडतं, मग पहिल्या मोज्यावर दुसरा चढवावा लागतो. म्हणून ऑफिसच्या पिशवीत डब्याशेजारी एक जादा मोजा असतोच.

हे सातारा जिल्ह्यातले एक माजी हवालदार. नाव, युनिट आणि ऑफिस सांगायचं नाही, असं त्यांनी आधीच बजावलंय. गावात त्यांना मेजर म्हणतात. आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. आम्हीही मेजरच म्हणू.

नियंत्रण रेषेवर गस्त घालताना सुरुंग फुटला. डावा पाय गुडघ्याखालून गेला. त्याबद्दल ते याहून जास्त बोलत नाहीत.

[पुणे. प्लास्टर कालवणारे हात.]

पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ साली सुरू झालं. दुसरं महायुद्ध तेव्हा चालूच होतं. पाय बनवण्याची रीत नीट बघण्यासारखी आहे. उरलेल्या पायावर पातळ कापड चढवतात. कुठे हाड वर आलंय, कुठे दाब सोसेल, ते पेन्सिलीने खुणावतात. मग ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या. त्या सुकल्या की कवच अलगद उतरवायचं आणि त्यात पुन्हा प्लास्टर ओतायचं. आतून निघतो तो त्या माणसाच्याच पायाचा पांढरा ठोकळा.

आता घासकाम. गुडघ्याच्या वाटीखाली भार घेता येतो, तिथे खोलवा. नडगीचं हाड टोचणार, तिथे भर. एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला, तर महिनाभरात कातडी सोलून निघते. या ठोकळ्यावर सॉकेट बेततात, त्याला नळी आणि पाऊल जोडतात. मग दोन दांड्यांमधून पहिली फेरी. समोर आरसा.

मेजर सांगतात, आरशात बघायचं नाही. बघितलं की तोल जातो.

खडकीचं क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट तर त्याहून जुनं, १९१७ सालचं. पहिल्या महायुद्धातून जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांच्या हाताला हुन्नर मिळावा म्हणून ते निघालं. पाय देणं आणि काम शिकवणं, या दोन गोष्टी आपल्याकडे नव्या नाहीत. पुढची गोष्ट आहे नोकरीची.

[पत्र्याची ट्रंक. झाकण उघडतं.]

मेजर या ट्रंकेला दप्तर म्हणतात. डिस्चार्ज बुक. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश. वैद्यकीय मंडळाचे कागद. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र. जिल्हा रुग्णालयातला दिव्यांगत्वाचा दाखला. प्रत्येकाच्या सहा-सहा झेरॉक्स, प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबर लावून.

यातला सगळ्यात वजनदार कागद वैद्यकीय मंडळाचा. मंडळ दोन गोष्टी ठरवतं. अपंगत्व किती टक्के, आणि ते सैनिकी सेवेमुळे आलं का. दुसऱ्याचं उत्तर 'हो' असेल, तरच पुढची दारं उघडतात. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वामुळे सैन्यातून बाहेर पडलेला जवान केंद्राच्या नियमांप्रमाणे माजी सैनिक ठरतो, मग पेन्शनीला लागणारी वर्षं भरलेली असोत वा नसोत. रोजगार विनिमय केंद्राच्या यादीत त्याला पहिला प्राधान्यक्रम मिळतो.

पण आधी हा प्रश्न: तो बाहेर का पडला?

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, कलम २०. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर त्या माणसाला काढता येत नाही, खालच्या हुद्द्यावर ढकलता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर दुसरं द्यायचं, तेही नसेल तर त्याच्यासाठी जादा पद निर्माण करायचं. पगार तोच. म्हणजे एखाद्या सरकारी खात्यातल्या ड्रायव्हरचा पाय गेला, तर त्याची नोकरी राहते. सैन्यातल्या लढाऊ जवानांना मात्र हे कलम लागू नाही. ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने त्यांना त्यातून वगळलं. जुन्या कायद्यातही हीच सूट होती. सैन्यात बसून करायचं काम मिळालं, त्यांच्या भाषेत 'शेल्टर्ड अपॉइंटमेंट', तर ठीक. नाही तर घर.

लढाईचं काम वेगळं, त्याला धडधाकट माणूस लागतो, हे आम्हाला पूर्ण मान्य आहे. पण ज्याला हे संरक्षण देता येत नाही, त्याला बाहेर आल्यावर सरकारने आपल्याच दुसऱ्या खात्यात सन्मानाने जागा करून द्यायला हवी. कागदावर तशी ती आहेही.

[कॉम्प्युटरच्या पडद्यावर अर्ज. बोट एका चौकटीवर थांबतं.]

केंद्र सरकारच्या गट क पदांच्या थेट भरतीत माजी सैनिकांना १० टक्के जागा. हे नियम १९७९ चे. सार्वजनिक उपक्रम आणि सरकारी बँकांत गट क मध्ये १४.५ टक्के. त्यातले ४.५ टक्के अपंगत्व आलेले माजी सैनिक आणि कारवाईत प्राण गेलेल्या सैनिकांचे कुटुंबीय यांच्यासाठी. महाराष्ट्र शासनात गट क आणि ड ला १५ टक्के. हे सगळं समांतर आरक्षण. ज्याच्या त्याच्या प्रवर्गात ते बसवायचं.

अर्जात दोन चौकटी आहेत. माजी सैनिक आणि दिव्यांग. दिव्यांगांचा कोटा वेगळा, ४ टक्क्यांचा, आणि त्याला किमान ४० टक्के अपंगत्वाचा नागरी दाखला लागतो. सैन्याच्या मंडळाने लिहिलेले टक्के तिथे चालत नाहीत. एकच पाय, पण तो दोनदा मोजून घ्यायचा. मेजर जिल्हा रुग्णालयात चार वेळा गेले. एकदा हाडांचे डॉक्टर रजेवर, एकदा सर्व्हर बंद, एकदा फोटो चुकलेला. चौथ्या वेळी कागद मिळाला. त्यात आठ महिने गेले.

मग वयाचा रकाना. इथे नियम खरोखर दिलदार आहे. सैन्यातली वर्षं वयातून वजा करायची, आणि उरलेलं वय कमाल मर्यादेच्या तीन वर्षं पुढे गेलं तरी चालतं. मेजर अर्ज भरताना ३८ वर्षांचे होते. सैन्यात १७ वर्षं. ३८ वजा १७, म्हणजे २१.

त्यांच्या पत्नी हे सांगताना आजही हसतात. "अहो, तुम्ही पोरापेक्षा दहाच वर्षांनी मोठे!"

[परीक्षा केंद्राबाहेरची रांग.]

३९ व्या वर्षी मेजर एका केंद्रीय कार्यालयात लिपिक म्हणून रुजू झाले. रुजू होताना आणखी दोन ठिकाणचे अर्ज बाकी होते, त्यातला एक वरच्या पदाचा. माजी सैनिकाचं आरक्षण नागरी नोकरीत रुजू झालं की संपतं. २०१४ च्या आदेशाने एक वाट ठेवलीय: आधी भरलेल्या अर्जांची यादी रुजू होताच लिहून दिली, तर त्या जागांसाठी हक्क शाबूत राहतो. एक साधा कागद. मेजरना कुणी सांगितलं नाही. आस्थापनेवरच्या माणसालाही ठाऊक नव्हतं. यादी दिली गेली नाही. वरचं पद गेलं.

भरतीचं एकूण चित्र काय? सैनिक पुनर्वसन महासंचालनालयाची ३० जून २०२१ ची आकडेवारी आहे. केंद्राच्या ३४ खात्यांत मिळून गट क चे कर्मचारी १०,८४,७०५. त्यात माजी सैनिक १३,९७६. शेकडा सव्वाच्या किंचित वर. राखीव आहेत १०.

[ऑफिसचा जिना. कठड्यावर हात. एक पायरी, मग दुसरी.]

दुसरा मजला. लिफ्ट आहे, पण ती अर्ध्या मजल्यावर थांबते, पुढे अकरा पायऱ्या. चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा आधी. हे दिवसातून चार-पाच वेळा, कारण सह्या तळमजल्यावर होतात.

मेजरच्या विभागप्रमुख ३१ वर्षांच्या आहेत. त्या त्यांना काका म्हणतात, मेजर त्यांना मॅडम म्हणतात. दोघांचं छान जमतं. फायलींवर मेजरने केलेले टॅग बघा. लाल, पिवळा, हिरवा, तारखेच्या क्रमाने. सैन्यात त्यांच्याकडे क्वार्टर मास्टरचा स्टोअर होता, शेकडो वस्तूंचा हिशेब. मॅडम म्हणतात, ऑडिटमध्ये या टेबलाची शंका निघत नाही.

आता मुद्द्याचं. अर्जाच्या दिवशी जी १७ वर्षं वयातून वजा झाली, ती रुजू झाल्यावर कशातही जमा होत नाहीत. सेवाज्येष्ठता शून्यापासून. पगार श्रेणीच्या पहिल्या पायरीवर. पेन्शन वेगळी मिळते, हे खरं. पदोन्नतीत माजी सैनिकांना आरक्षण नाही. पद नाही तर निदान वेतन वाढावं म्हणून केंद्रात १०, २० आणि ३० वर्षांनी सुधारित श्रेणी देतात. ३९ व्या वर्षी आलेल्या माणसाला पहिली ४९ व्या वर्षी, दुसरी ५९ व्या. तिसरी नाही, कारण ६० ला निवृत्ती.

दिव्यांगांना पदोन्नतीत ४ टक्के देण्याचा केंद्राचा आदेश मे २०२२ चा. त्याआधी त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. मेजरच्या कार्यालयात त्याची यादी अजून लागलेली नाही.

[जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

पाय गेलेला माणूस वर चढू शकत नाही, असं कुणी म्हणत असेल, तर त्याने सैन्याकडेच बघावं. विजय ओबेरॉय यांनी १९६५ च्या युद्धात पाय गमावला. ते लष्कराचे उपप्रमुख झाले. पंकज जोशी यांचे १९६७ मध्ये सुरुंगाच्या स्फोटात दोन्ही पाय गेले. ते मध्य कमांडचे प्रमुख आणि पुढे तिन्ही दलांच्या एकात्मिक संरक्षण स्टाफचे पहिले प्रमुख झाले. इयान कार्डोझो यांचा पाय १९७१ मध्ये गेला. युद्धात अपंगत्व आल्यानंतर पायदळाच्या बटालियनचं आणि नंतर ब्रिगेडचं नेतृत्व करणारे ते पहिले अधिकारी. तिघेही अधिकारी होते. त्यांची मागची सेवा कुणी पुसली नाही, म्हणून पुढची पायरी त्यांना गाठता आली.

आम्ही मागतोय ते एवढंच: हवालदाराची १७ वर्षं वयातून वजा करता, तर त्यातली काही ज्येष्ठतेत जमा करा.

[रात्र. टेबलावर विभागीय परीक्षेचं पुस्तक. पानांच्या कडेला लाल, पिवळे, हिरवे टॅग.]

पुढच्या महिन्यात मेजर विभागीय परीक्षेला बसतायत. वय ४४. मुलगा पलीकडे बारावीचा अभ्यास करतोय. दहाला घरातले दिवे मालवतात. एक राहतो.

[पाय उतरवून कॉटला टेकवतात. मोजे दोरीवर.]

बूट पायातून काढत नाहीत. सकाळी बांधायचा वेळ वाचतो.

[पडदा काळा.]