ग्रीकमधील मध्यम प्रयोग आणि आपले आत्मनेपद

प्राचीन ग्रीक शिकणारा विद्यार्थी मध्यम प्रयोगापाशी, म्हणजे कर्तरी आणि कर्मणी यांखेरीज क्रियापदाच्या तिसऱ्या रूपापाशी (इंग्रजीत 'मिडल व्हॉइस') पोहोचला, की 'स्वतःला' किंवा 'स्वतःसाठी' हे शब्द अर्थाला जोडून पुढे जावे, असे त्याला बहुधा सांगितले जाते. हा तोडगा सुरुवातीला चालतो. मात्र 'दानेइझो' म्हणजे कर्ज देतो आणि त्याचेच मध्यम रूप 'दानेइझोमाइ' म्हणजे कर्ज घेतो, हे समोर आले की तो कोलमडतो.

त्यापेक्षा 'इलियड'चा पहिला सर्ग उघडावा. अपोलोचा पुजारी ख्रुसेस कैदेतल्या मुलीसाठी खंडणी घेऊन ग्रीकांच्या गलबतांपाशी येतो. तो कशासाठी आला हे सांगताना होमर 'ल्युओ' (सोडणे) या धातूचे मध्यम रूप वापरतो, आणि थोड्याच ओळींनंतर 'माझी मुलगी सोडा' अशी विनवणी तो पुजारी करतो, तेव्हा त्याच धातूचे कर्तरी रूप येते. सोडणारे ग्रीक, सोडवून घेणारा बाप. क्रिया एकच, पण तिचे फळ ज्याच्या पदरात पडणार त्याच्या वाट्याला मध्यम रूप आले आहे.

ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले होते, त्यांना येथे पाणिनीचे 'स्वरितञितः कर्त्रभिप्राये क्रियाफले' हे सूत्र आठवेल: काही धातूंत क्रियेचे फळ कर्त्यालाच मिळणार असेल तर आत्मनेपदाचे प्रत्यय लागतात, एरवी परस्मैपदाचे. दक्षिणेसाठी यज्ञ करणारा ऋत्विज 'यजति', आणि ज्याला यज्ञाचे फळ मिळायचे तो यजमान 'यजते'. हे साम्य योगायोगाचे नाही. 'शेते' आणि 'केइताइ' (निजणे, पडून असणे), 'आस्ते' आणि 'हेस्ताइ' (बसणे), 'सचते' आणि 'हेपेताइ' (सोबत जाणे) या संस्कृत-ग्रीक जोड्या एकाच मुळातून आलेल्या असून दोन्ही भाषांत त्या याच प्रयोगात चालतात. म्हणूनच 'एर्खोमाइ', 'बूलोमाइ', 'माखोमाइ' अशा नित्य मध्यम, म्हणजे कर्तरी रूपच नसलेल्या, क्रियापदांना अपवाद मानणे मला पटत नाही. जाणे, इच्छिणे, लढणे या क्रियांत कर्ता स्वतःच गुंतलेला असतो; 'लभते'चे परस्मैपद का नाही, असे तरी आपण कोठे विचारतो?

आत्मनेपदाची ही शिदोरी एका ठिकाणी मात्र अपुरी पडते. संस्कृतात वर्तमानकाळी 'पचते' आणि 'पच्यते' यांत 'य' येऊन कर्मणी रूप वेगळे होते. ग्रीकमध्ये वर्तमान, अपूर्ण भूत आणि पूर्ण काळांत मध्यम व कर्मणी यांचे रूप एकच असते. प्राचीन ग्रीक व्याकरणकार दिओनिसिओस थ्राक्स याच्या नावावर असलेल्या व्याकरणात मध्यम प्रयोगाला कर्तरी आणि कर्मणी यांच्या मधले स्थान दिले आहे, परंतु इतिहास पाहता जुना भेद कर्तरी आणि मध्यम यांचाच होता, कर्मणी नंतर त्यातून वाढले. याचा परिणाम वाचताना जाणवतो. प्लेटोच्या 'युथिफ्रो'त 'गेग्राप्ताइ' म्हणजे कोणीतरी तुझ्यावर फिर्याद दाखल केली आहे, तर 'नव्या करारा'त तेच रूप 'असे लिहिले आहे' या अर्थाने पुन्हा पुन्हा येते. येथे प्रत्यय मदत करत नाहीत. द्वितीयेतले कर्म आहे का, एवढे आधी पाहावे लागते.

रूपे पाठ करताना म्हणून मी सामान्य भूतकाळापासून सुरुवात करायला सांगतो. तेथे 'एल्युसामेन' हे मध्यम आणि 'एल्युथेन' हे कर्मणी, असा फरक स्पष्ट दिसतो, आणि भविष्यकाळातही 'ल्युसोमाइ' व 'ल्युथेसोमाइ' वेगळे राहतात. अर्थात 'एबूलेथेन' म्हणजे 'मी इच्छिले' असे असल्यामुळे हा 'थे'सुद्धा दर वेळी कर्मणीच असतो असे नाही.