बोटं किती उमटली?

[दृश्य: सोसायटीच्या भिंतीवर ठेवलेले दाणे. शेपूट उडवत आलेली खार.]

ही आली. दोन दाणे उचलले आणि पसार. खारूताई. गोव्यात हिलाच चानी म्हणतात.

हिची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. सेतू बांधताना ती अंगाला वाळू माखून यायची आणि दगडांच्या फटीत झटकायची. रामानं कौतुकानं पाठीवरून हात फिरवला नि बोटं उमटली. पण किती? कुणाची आजी तीन सांगते, कुणाची पाच. गंमत म्हणजे दोन्ही आज्या बरोबर आहेत.

[दृश्य: विजेच्या तारेवरून पळणारी खार. मग चित्र थांबतं.]

या पट्टेवाल्या खारींच्या गटाचं शास्त्रीय नाव फ्युनॅम्ब्युलस. लॅटिनमध्ये अर्थ होतो दोरीवरून चालणारा, आपल्या भाषेत डोंबारी. नाव १८३५ सालचं, तेव्हा आपल्याकडे विजेच्या तारा नव्हत्या. आज मात्र चपखल बसतं.

तीन पट्ट्यांच्या खारीला, सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसनं १७६६ मध्येच ‘पाल्मारम’, म्हणजे ताडामाडांवरची, असं नाव दिलं होतं. पाचपट्टी खार बराच काळ याच नावाखाली खपून गेली. त्यात नवल नाही. तिच्या कुशीवरचे बाहेरचे दोन पट्टे इतके पुसट असतात की धावत्या खारीवर ते दिसणं कठीण. मी स्वतः फोटो मोठा करून मोजते, आणि तरी चुकते. शेवटी १९०५ मध्ये रॉटन यांनी पाचपट्टी खार वेगळी काढली. मुंबई इलाख्याच्या वनखात्यात नोकरी केलेला हा माणूस. त्यांनी नाव दिलं ‘पेनांटी’, अठराव्या शतकातले निसर्ग-अभ्यासक थॉमस पेनंट यांच्यावरून.

ढोबळमानानं उत्तरेकडे आणि कोरड्या मुलखात पाचपट्टी, दक्षिणेकडे आणि श्रीलंकेत तीनपट्टी. महाराष्ट्रात दोघी भेटतात.

[दृश्य: सह्याद्रीतली दाट झाडी, पाऊस.]

आणि इथे तिसरी. जंगली खार, ‘ट्रायस्ट्रायाटस’. नावाचाच अर्थ तीन पट्ट्यांची! म्हणजे तीन मोजले, तरी ओळख पटली असं नाही. ही पश्चिम घाटाची रहिवासी, रंगानं गडद, डोक्याकडे तांबूस छटा. बंगल्याच्या बागेपेक्षा हिला रान बरं.

[दृश्य: श्रीलंकेचं पावसाळी जंगल.]

सगळ्यांत देखणी मात्र समुद्रापलीकडे आहे. लेयार्डची खार. काळसर पाठ, आणि मधोमध निखाऱ्यासारखा एकच केशरी पट्टा. बाजूचे दोन असून नसल्यासारखे. १८४९ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड ब्लाइथ यांनी तिचं वर्णन केलं आणि तेव्हाच्या सिलोनमध्ये नोकरीला असलेल्या लेयार्ड यांचं नाव तिला दिलं.

उरल्या दोन छोट्या, मळकट रंगाच्या. पट्टे असे फिके की जणू धुऊन गेलेत. एक निलगिरी आणि दक्षिण घाटातली, दुसरी श्रीलंकेची. दोघींना एकच मानत. २०१२ मध्ये अभ्यासकांनी त्यांना वेगळं केलं, आणि या गटातल्या जातींचा आकडा सहावर गेला.

[दृश्य: खारींची वंशावळ, रेखाचित्र.]

आता नात्यागोत्याचं. पूर्वी यांची गाठ आफ्रिकेतल्या खारींशी बांधली जाई. तिथेही पट्टेवाल्या खारी आहेत, त्यामुळे ते पटायचंही. अमेरिकेतली चिपमंक पाहून तर आपण सरळ ‘आपलीच खार’ म्हणतो. पण २००३च्या सुमारास डीएनए तपासला गेला आणि सोयरीक मोडली. चिपमंकची जवळीक मार्मोट वगैरे जमिनीत बिळं करणाऱ्या खारींशी. आपल्या खारूताईचं कूळ निघालं आग्नेय आशियातलं.

त्या कुळात ईशान्य भारतात आढळणारी पॅलासची खारही येते. पोट तांबडं, आणि पाठीवर पट्टा एकही नाही.