वहीच्या पानाएवढं व्हेनिस

नमस्कार श्रोतेहो.

हिरवट पाणी, त्यावर काळी लांबुडकी होडी, मागे पांढरा घुमट. व्हेनिसचं असं जुनं चित्र कुठे ना कुठे तुमच्या पाहण्यात आलं असेल. त्यातल्या काही चित्रांच्या कोपऱ्यात बारीक सही असते: ए. ब्रांडाइस. हे ‘ए’ म्हणजे आंतोनिएत्ता.

ती जन्माने इटालियन नव्हे. १८४८च्या सुमारास बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, तिचा जन्म झाला. वडील लवकर गेले. चित्रकलेचे पहिले धडे प्रागमध्ये गिरवले. पुढे आईने व्हेनिसच्या एका गृहस्थाशी लग्न केलं आणि लेकही आईबरोबर तिकडे गेली. १८६६ साली व्हेनिस ऑस्ट्रियाच्या हातून इटलीकडे आलं. लगेच १८६७ मध्ये तिथल्या ललित कला अकादमीच्या पटावर हिचं नाव लागलं. तेव्हा मुली तिथे अगदी मोजक्या होत्या.

त्या काळी युरोपातल्या बहुतेक कलाशाळांत नग्न मॉडेल समोर बसवून रेखाटन करायला मुलींना मज्जाव असे. मोठी ऐतिहासिक चित्रं काढण्याची वाट तिथेच अडायची. पण इमारतीला काय, कपडे असोत नसोत! यथार्थदर्शन, म्हणजे जवळचं मोठं, लांबचं लहान दाखवण्याचं गणित, तिला फेदेरिको मोया यांनी शिकवलं. निसर्गचित्राचे शिक्षक दोमेनिको ब्रेसोलिन हे तर आधी छायाचित्रकार म्हणून नावाजलेले. आणि अकादमी होती थेट ग्रँड कॅनॉलच्या, म्हणजे शहरातल्या मुख्य कालव्याच्या, काठावर. जवळच्या तेव्हाच्या लोखंडी पुलावर उभं राहिलं की सांता मारिया देला सालुते चर्चचा घुमट समोर. १६३०च्या प्लेगमध्ये शहराने नवस बोलला होता, साथ हटू दे, चर्च बांधतो. नवसाचं ते चर्च चिखलात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर उभं आहे. ग्रँड कॅनॉल आणि तो घुमट आंतोनिएत्ताने पुन्हा पुन्हा रंगवला.

पुन्हा पुन्हा का? कारण मागणी होती. १८४६ साली खाडीवर रेल्वेचा पूल झाला आणि प्रवासी गाडीतून थेट शहरात उतरू लागले. त्याच्या शंभरेक वर्षं आधी व्हेनिसचा चित्रकार कानालेत्तो याच्या भल्यामोठ्या कॅनव्हासना इंग्रज उमराव गिऱ्हाईक होते. आता गिऱ्हाईक होतं ट्रंक घेऊन फिरणारं. आंतोनिएत्ताच्या कितीतरी फळ्या शाळेच्या वहीच्या पानाएवढ्या आहेत. तैलरंगात रंगवलेल्या, कपड्यांच्या घडीत सहज मावणाऱ्या. छायाचित्रं स्वस्त मिळत होती, पण त्यांत पाण्याचा हिरवा रंग कुठून येणार?

‘प्रवाशांसाठी काढलेली चित्रं’ म्हटलं की समीक्षक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. एवढ्याशा फळीवर महालाची खिडकी न् खिडकी जागच्या जागी, आणि घाटाच्या पायरीवर नखाएवढी बाई, तीही कामात असलेली. पोटासाठी केलेल्या कामात इतकी नजर ओतायची सक्ती तिच्यावर कुणी केली नव्हती.

तिचं कौतुक व्हायचं, पण कसं? ‘बाई असून छान काढते.’ या ‘असून’चा तिला वीट आला आणि तिने काही चित्रं आंतोनिओ ब्रांडाइस या पुरुषी नावाने प्रदर्शनात मांडली. गंमत म्हणजे पुढे, १८९७ साली, लग्न केलं त्या गृहस्थांचं नावही आंतोनिओच, आंतोनिओ झांबोनी. तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती.

तिने चर्चसाठी धार्मिक चित्रंही केली. एड्रियाटिक समुद्रातल्या कोर्चुला बेटावर ती आहेत. पण लोकांना ती आठवते कालव्यांसाठीच.

१९०९ मध्ये पती गेले. ती फ्लॉरेन्सला जाऊन राहिली आणि १९२६ साली तिथेच वारली. आपली मालमत्ता तिने ठेवली शहरातल्या अनाथ बालकांच्या संस्थेला, ओस्पेदाले देल्यी इनोचेंतीला. वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीने पंधराव्या शतकात आखलेली ही इमारत. तिच्या कमानींच्या वर निळ्या गोलांत पांढरी बाळं बसवली आहेत, दुपट्यात गुंडाळलेली, दोन्ही हात पसरून रस्त्याकडे पाहणारी.