पेटीवरचे नाव

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि आयोवा या राज्यांत अशी कितीतरी घरे आहेत, जिथे माळ्यावर नॉर्वेहून आलेल्या पूर्वजांची, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली एक लाकडी पेटी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली असते. तिच्या झाकणावर रोझमालिंग नावाच्या नॉर्वेजियन शैलीतली वेलबुट्टी असते आणि त्याखाली समजा, ‘कारी ओल्सदात्तर, १८२१’ असे रंगवलेले असते. वंशज हा मजकूर आडनाव आणि प्रवासाचे साल म्हणून वाचतात, आणि तिथेच पूर्वजांचा शोध अडतो.

ओल्सदात्तर हे आडनाव नव्हे. त्याचा अर्थ ओलेची मुलगी एवढाच. कारीचा सख्खा भाऊ ओल्सेन, म्हणजे ओलेचा मुलगा, पण तिचे वडील ओले कदाचित लार्सेन, म्हणजे लार्सचा मुलगा. आपल्याकडे नावापुढे वडिलांचे नाव येते, तसेच हे. घराणे ओळखायचे ते शेतवाडीच्या नावावरून. मात्र कुटुंब दुसऱ्या शेतावर गेले की तेही नाव बदलत असे. नॉर्वेत कायम आडनावाची सक्ती १९२३च्या कायद्याने झाली.

सालाचेही तसेच. नॉर्वेतल्या स्टाव्हांगेर बंदरातून अमेरिकेला स्थलांतरितांचे पहिले जहाज ४ जुलै १८२५ रोजी निघाले, म्हणजे १८२१ हे प्रवासाचे साल असणे अवघड. अशा पेट्या पुष्कळदा मुलीच्या लग्नासाठी बनवल्या जात आणि पुढे कित्येक वर्षांनी त्यांत कपडे, पातळ कोरड्या भाकऱ्या, सुकवलेले मांस भरून लोक शिडाच्या जहाजावर चढत, कारण बहुतेकांना आठवड्यांच्या प्रवासाची शिदोरी स्वतःच न्यावी लागे. पेटी आईची आणि प्रवास लेकीचा, असेही घडे.

म्हणून कारीला आधी जहाजाच्या यादीत न शोधता गावच्या चर्चच्या नोंदवहीत शोधावे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईवडिलांबरोबर बहुधा शेतवाडीचेही नाव असते, आणि चर्चचा परगणा सोडून जाणाऱ्यांची नोंद पाद्री वेगळी ठेवत. या वह्या, तसेच १८०१ आणि १८६५च्या जनगणना, नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘डिजिटालआर्किव्हेट’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. हे काम चिकाटीचे आहे, कारण एकाच परगण्यात त्याच नावाच्या चार-चार मुली सापडतात. त्यांतली आपली कोणती, हे ठरते ते शेतवाडीवरूनच.

ते नाव कधीकधी पेटीवरच असते, पण पुसट झालेले. तेव्हा माझी कळकळीची विनंती आहे की पेटी घासूनपुसून नव्याने रंगवू नये. खोलीत अंधार करून विजेरी झाकणाच्या कडेला आडवी धरावी, आणि अक्षरांचे उंचवटे दिसू लागले की लगेच छायाचित्र घ्यावे.